शिक्क्यात 1794 आहे म्हणजे लॉबस्टरच्या आकाराचा दुधाचा जग तेवढा जुना का, आणि त्यात वाढायचं का?

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या ताईंचा प्रश्न मोठा होता, तो आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. त्यांनी एका एस्टेट सेलमधून, म्हणजे घरातलं सगळं सामान विकायला काढतात तिथून, लाल लॉबस्टरच्या तीन पोर्सेलिनच्या वस्तू घेतल्या: एक दुधाचा छोटा जग म्हणजे क्रीमर, एक झाकणवालं मस्टर्ड पॉट, आणि एक लेट्यूसच्या पानाची डिश जिचं हँडल म्हणजे अख्खा लॉबस्टर. तिन्हीच्या खाली निळा शिक्का, दोन सिंह, रॉयल बायरॉइट, बव्हेरिया, आणि 1794. विकणारा म्हणाला अठराव्या शतकातलं आहे आणि भावही तसाच लावला. त्याच खोक्यात सहा खड्ड्यांची एक कालवांची (ऑयस्टरची) प्लेट आली, तिच्याखाली काहीच नाही. आता त्यांना विचारायचंय की हे खरंच 1794 चं आहे का, सासूबाई मालवणहून आल्यात तर त्यांच्यासाठीच्या पार्टीत यात कोळंबी-शेवंडीचं काही वाढलं तर चालेल का, आणि नाद लागलाच आहे तर पुढे काय घ्यायचं.

माझं काम सिरॅमिक रिस्टोरेशनचं, म्हणजे फुटलेली चिनी मातीची भांडी सांधणं, तुटलेली बोटं, पंख, शेपट्या परत बनवणं, रंग जुळवणं. पेनसिल्व्हेनियात असते, अ‍ॅडम्सटाउनचे अँटिक बाजार जवळ आहेत त्यामुळे असला माल हातातून बराच जातो. त्यामुळे मी जे सांगणार ते दुकानदाराच्या बाजूने नाही आणि म्युझियमच्या बाजूनेही नाही, टेबलावर लाइटखाली वस्तू उलटीपालटी करणाऱ्या बाईच्या बाजूने आहे. फोटोवरून कुठल्याही वस्तूची खात्री देता येत नाही, भाव तर अजिबात नाही, तेवढं धरून वाचा.

आधी 1794 चं निपटवू. ते कारखाना सुरू झाल्याचं वर्ष आहे, भांडं बनल्याचं नाही. रॉयल बायरॉइटचा हा कारखाना जर्मनीतल्या बव्हेरियाच्या उत्तर टोकाला टेटाऊ नावाच्या गावात, 1794 ला त्याला परवानगी मिळाली, आणि ती मिळवून देण्यात अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टचा हात होता, हो तोच तो पुढे दक्षिण अमेरिका फिरलेला शास्त्रज्ञ, तेव्हा तो तिकडे खाण खात्यात नोकरीला होता. पण लॉबस्टर, टोमॅटो, सैतान, कावळा, पॉपीचं फूल असल्या आकारांची जी भांडी आज लोक जमवतात ती साधारण 1900 च्या आसपासपासून पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंतची. 1897 ला कारखाना आगीत जळाला होता, परत उभा राहिल्यावर त्यांनी अमेरिकन गिऱ्हाईकाला आवडेल असा हा गमतीशीर माल धडाक्यात काढला. म्हणजे तुमच्या वस्तू शंभरच्या वरच्या असण्याची शक्यता चांगली आहे, अँटिक म्हणायला तेवढं पुरतं, पण सव्वादोनशे वर्षांच्या नक्कीच नाहीत.

अजून एक खूण बघा. अमेरिकेत मॅकिन्ली टॅरिफ नावाचा कायदा आला, त्याप्रमाणे 1891 पासून बाहेरून येणाऱ्या मालावर कुठल्या देशात बनला ते इंग्रजीत लिहिणं सक्तीचं झालं. त्यामुळे खाली जर्मनी किंवा बव्हेरिया लिहिलेलं असेल तर वस्तू बहुतेक त्यानंतरची. यूएस झोन, म्हणजे जर्मनीचा अमेरिकेच्या ताब्यातला भाग, असं काही लिहिलेलं असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्या थोड्या वर्षांतली. मात्र शिक्का निळा की हिरवा की लाल यावरून साल काढणारी मंडळी ऑनलाइन बरीच भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, रंगावरून एवढं नेमकं काही निघत नाही.

खरं तर तुम्ही शिक्क्याचं विचारलंत पण मला काळजी वेगळीच वाटतेय. या प्रकारच्या भांड्यांत नकली मालापेक्षा लपवलेली दुरुस्ती जास्त भेटते आणि जास्त महागात पडते. कारण साधं आहे, जेवढे नांग्या, मिशा, पाय, शेपटीचे काटे बाहेर आलेले तेवढ्या तुटायच्या जागा. शंभर वर्षं सिंकमध्ये, कपाटात, ट्रकमध्ये जाऊन सगळ्या मिशा शाबूत असलेला लॉबस्टर दिसला की मी आधी कौतुक नाही करत, आधी संशय घेते. आणि हे मी धंद्यातून सांगतेय, या दुरुस्त्या आम्हीच करतो ना. माझ्याकडून भांडं परत जाताना काय काय नवीन बनवलं त्याचा फोटोसकट कागद सोबत जातो, पण तो कागद पुढच्या तिसऱ्या मालकापर्यंत पोचतो का हे काही माझ्या हातात नाही.

हे काम कसं होतं ते सांगते म्हणजे कुठे बघायचं ते आपोआप कळेल. तुटलेल्या टोकाच्या जागी इपॉक्सी आणि पांढऱ्या पावडरचा लगदा भरून आकार कोरतात, घासतात, मग एअरब्रशने रंगाचे पातळ थर आणि वर चमकीचं वॉर्निश. यातलं काहीच भट्टीत जात नाही. त्यामुळे एक तर, ते पोर्सेलिनसारखं गार लागत नाही. क्रीमरचं पोट गालाला लावा, मग मिशीचं टोक लावा, खरं असेल तर दोन्ही सारखेच गार लागतात, इपॉक्सी लगेच कोमट वाटते. दुसरं, एअरब्रशचा फवारा कधीच नेमका सांध्यावर थांबत नाही, जोड झाकायला आजूबाजूला अर्धा-पाऊण इंच रंग पसरवावाच लागतो. खिडकीपाशी भांडं आडव्या उजेडात धरून हळूहळू फिरवा, चकाकी एका ठिकाणी जरा मऊ, साबण वाळल्यासारखी दिसेल आणि तिथे मूळ ग्लेझमधले, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरातले, बारीक टाचणीएवढे खड्डे एकदम नाहीसे झालेले असतील. तिसरं, नख. लाल रंगाच्या कडेवर नख हलकंच फिरवलं तर मूळ कामात रंग संपून ग्लेझ सुरू होतं ती बारीक पायरी लागते, दुरुस्तीवर सगळं एकसारखं गुळगुळीत आणि किंचित चिकट.

यूव्ही टॉर्च सगळे सांगतात, 365 नॅनोमीटरचा घ्या, स्वस्तातला जांभळा उजेड पाडणारा नको. अंधारात बघितलं की दुरुस्तीचा भाग शेजारच्यापेक्षा वेगळा चमकतो, जुन्या दुरुस्त्या तर पिवळट होऊन साध्या डोळ्यांनाही कळतात. पण टॉर्चवर सगळा भरवसा ठेवू नका, काही नवीन मटेरियल त्याला दाद देत नाहीत. आणि टिचकी मारून आवाज ऐकायचा जो उपाय सांगतात तो ताटलीला ठीक, पण लॉबस्टरसारखी आतून पोकळ वेडीवाकडी वस्तू धड असली तरी कधीकधी बद्दच वाजते. दुसऱ्याच्या दुकानात अ‍ॅसिटोनचा बोळा किंवा टाचणी बाहेर काढू नका म्हणजे झालं, आधी विचारा. विचारल्यावर विकणाऱ्याचा चेहरा काय होतो ते पण बघायचं, तेही एक टेस्टिंगच आहे.

आता लाल रंगाबद्दल, कारण तो तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेला आहे. हार्ड पेस्ट, म्हणजे जास्त आचेचं कडक पोर्सेलिन साधारण 1400 डिग्रीला भाजतात, असला लाल-केशरी रंग त्या उष्णतेत टिकत नाही. म्हणून आधी भांडं ग्लेझसकट भाजून घ्यायचं, मग वरून रंगवायचं आणि परत कमी आचेवर, 800 डिग्रीच्या आसपास, भाजायचं. म्हणजे तुमच्या लॉबस्टरचा लाल रंग ग्लेझच्या आत नाहीये, वर बसलाय. म्हणूनच उंचवट्यांवर, नांगीच्या कडेला, हँडलवर तो झिजतो, आणि अशी झीज जिथे हात लागतो तिथेच असेल तर मला बरंच वाटतं. सगळीकडे सारखी किंवा भलत्याच ठिकाणी झीज असेल तर कोणीतरी मुद्दाम घासलंय किंवा वर्षानुवर्षं डिशवॉशरमध्ये टाकलंय. (गंमत म्हणजे हे सगळे लॉबस्टर उकडलेले आहेत, जिवंत असताना तो काळपट निळा-हिरवा असतो. आणि सासूबाई बघता क्षणी म्हणतील की ही आपली शेवंड नव्हे, बरोबर आहे त्यांचं, शेवंडीला अशा जाडजूड नांग्या नसतात, हा अटलांटिकचा.)

कमी आचेवर वितळून चिकटावं म्हणून त्या काळच्या वरच्या रंगांत बऱ्याचदा शिसं असायचं, लाल-पिवळ्यात पुढेपुढे कॅडमियमही. आजचे नियम तेव्हा नव्हतेच. त्यामुळे वाढायचं का याला माझं उत्तर आहे की थेट नाही. रंगवलेल्या भागाला अन्न टेकत असेल तर नाहीच, आणि त्यातही आपलं जेवण म्हणजे कोकम, चिंच, लिंबू, टोमॅटो, आंबट पदार्थाने शिसं सुटतं आणि जितका वेळ ठेवाल तितकं जास्त. क्रीमरमध्ये सोलकढी ओतायचा मोह होईल, दिसेलही झकास, पण नको. मस्टर्ड पॉटमध्ये लिंबू पिळलेला ठेचा तासन्‌तास ठेवणं तर सगळ्यात वाईट. घरात लहान मुलं किंवा कोणी गरोदर असेल तर हा विषयच बंद. दुकानात मिळणाऱ्या लाल-पिवळं होणाऱ्या काड्यांनी टेस्ट केली आणि काही आलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, त्या काड्या भिंतीच्या रंगासाठी असतात. एक्सआरएफ मशीनवाले (एक्स-रे सोडून धातू ओळखतात ते) शिसं आहे का ते सांगतात, पण ते अन्नात किती उतरतं हे वेगळं, त्याला लॅबमध्ये आम्लात भिजवून बघावं लागतं.

मग पार्टीत काय करायचं? पानाच्या डिशमध्ये बसेल अशी साधी काचेची बशी शोधा, तिच्यात कोळंबी ठेवा, लॉबस्टर हँडल बाजूने दिसतोच आहे. क्रीमरमध्ये कोथिंबिरीची जुडी उभी करा. मी घरी हेच करते, कोणाला कळतही नाही. गरम काही ओतू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, सोनेरी रेघ असेल तर तिथे ठिणग्याच उडतील. धुताना सिंकमध्ये प्लास्टिकचा टब, त्यात टॉवेल, कोमट पाणी, साधा सौम्य साबण. ब्लीच कधीच नाही.

मस्टर्ड पॉटचं झाकण नीट बघा. त्यात चमच्यासाठी खाच असेल आणि चमचा नसेल तर आश्चर्य वाटून घेऊ नका, चमचेच आधी हरवतात. पण झाकण त्याच पॉटचं आहे का ते महत्त्वाचं. दोन तुटक्या सेटांतून एक धड सेट बनवायचा उद्योग या धंद्यात जुना आहे. झाकण बसवून गोल फिरवा, एका जागी बसल्यासारखं लागलं पाहिजे. लाल रंगाची छटा पॉटशी जुळते का ते दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटमध्ये सगळंच जुळतं.

नकली म्हणजे काय तेही सांगते, कारण लॉबस्टरच्या बाबतीत मुद्दाम फसवायला बनवलेला माल कमी आणि नुसता तसा दिसणारा माल जास्त. जपानमध्ये बनलेले लाल लॉबस्टरचे बाऊल आणि डिश भरपूर आहेत, 1945 ते 1952 मधल्यांवर ऑक्युपाइड जपान, म्हणजे परक्यांच्या ताब्यातला जपान, असंही लिहिलेलं असतं. इंग्लंडच्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या कार्लटन वेअरचे लॉबस्टरवाले सॅलड बाऊल, कॅलिफोर्नियात 1940 च्या दशकातले ब्रॅड कीलरचे. पोर्तुगालमध्ये काल्दास दा राइन्याला बोर्दालो पिन्येरोचा कारखाना 1884 पासूनचा, तिथे कोबीची पानं, खेकडे, मासे आजही बनतात. यात वाईट काही नाही, काही तर बायरॉइटपेक्षा सुंदर आहेत, फक्त त्यातले बहुतेक पोर्सेलिन नव्हे, अर्दनवेअर म्हणजे कमी आचेवर भाजलेली सच्छिद्र माती आहे. फरक सोपा आहे, मोबाइलचा टॉर्च आतून लावा, पोर्सेलिनच्या पातळ जागेतून उजेड आरपार येतो, अर्दनवेअरमधून नाही. खालची ग्लेझ नसलेली कड बघा, पोर्सेलिनची पांढरीशुभ्र आणि घट्ट, दुसऱ्याची पिवळट, सच्छिद्र, ओलं बोट लावलं तर पाणी शोषते. आणि खऱ्या वस्तूवरून साचा काढून कोणी कॉपी केलीच तर ती बारीक होते, कारण पोर्सेलिन भाजताना दहा-पंधरा टक्के आकसतं. म्हणून खात्रीच्या वस्तूंची मापं लिहून ठेवायची सवय लावा. अर्धा इंच कमी भरला आणि बारीक नक्षी पण बोथट दिसली की माझ्यापुरता निकाल लागतो.

कालवांच्या प्लेटचं मात्र वेगळं आहे आणि मला विचाराल तर तुमच्या खोक्यातली तीच जास्त रंगतदार वस्तू असू शकते. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कला कालवं म्हणजे गरीब-श्रीमंत सगळ्यांचं खाणं होतं, रस्त्यावरच्या गाडीपासून मोठ्या हॉटेलापर्यंत. रेल्वे आणि बर्फामुळे ती आत लांबच्या शहरांपर्यंत जायला लागली आणि मग श्रीमंतांना त्यासाठी खास प्लेट पाहिजे झाली, प्रत्येक कालवाला एक खड्डा, मध्ये सॉसला एक. 1879 ला राष्ट्राध्यक्ष हेज यांच्या बायकोने, ल्यूसी हेज यांनी, व्हाइट हाऊससाठी फ्रान्समधल्या लिमोजच्या हॅविलँडकडे सेट सांगितला, चित्रं थिओडोर डेव्हिस नावाच्या चित्रकाराची, सगळी अमेरिकेतले पशुपक्षी, मासे, झाडं. त्यातल्या कालवांच्या प्लेटवर शिंपल्यांचा आकारच उठावदार केलेला आहे. तेव्हा त्यावर टीका झाली की हे बघत जेवायचं कसं, आज त्याच डिझाइनमागे लोक धावतात, आणि हॅविलँडने ती बाजारातही विकली म्हणून अजून सापडतात. दुसरी नावाजलेली म्हणजे ब्रुकलिनच्या ग्रीनपॉइंटमधल्या युनियन पोर्सेलिन वर्क्सची, बाहेरचा आकारच शिंपल्याचा, त्यात शिंपलं, बारका खेकडा वगैरे कोरलेलं, मागे 4 जानेवारी 1881 ची पेटंटची तारीख. पण या दोन्हींवर बहुतेक वेळा मागे शिक्का असतो. तुमच्या प्लेटला काहीच नाही, तर टॉर्च लावून पोर्सेलिन आहे का बघा, आणि मागे हाताने लिहिलेली सही किंवा तारीख असेल तर ती रंगवणाऱ्याची समजा, कारखान्याची नव्हे, त्या काळात युरोपातून कोऱ्या पांढऱ्या प्लेट आणून बायका घरी रंगवायच्या, मोठी हौस होती ती. अशी प्लेट चांगली असू शकते, फक्त तिची किंमत चित्रावर ठरते, नावावर नाही. पुढे न्यूयॉर्कच्या पाण्यात घाण इतकी वाढली, टायफॉइड पसरला, 1927 ला शहरातल्या शेवटच्या कालवांच्या जागाही बंद झाल्या. कालवंच ताटातून गेल्यावर प्लेट कोण विकत घेणार.

भावाचं म्हणाल तर साइटवर लोक काय मागतायत ते बघू नका, विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावून बघा, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. लॉबस्टर हा बायरॉइटमधला सगळ्यात दुर्मिळ आकार वगैरे काही नाही, तो भरपूर बनला. साध्या क्रीमरला मोठी रक्कम द्यायचं कारण नाही, आणि अठराव्या शतकाचा म्हणून जास्त दिले असतील तर विकणाऱ्याशी सरळ बोला, 1794 चं वरचं कारण सांगा, बऱ्याचदा त्यांनाही खरंच माहीत नसतं. दुरुस्ती निघाली तर किती कमी करायचं हे वस्तूवर आहे. सामान्य क्रीमरची तुटकी मिशी असेल तर मी घेतच नाही, धड दुसरा मिळतोच. पण क्वचित दिसणारा तुकडा असेल तर उघड दुरुस्ती चालते, लपवलेली नाही.

पुढे काय घ्यायचं, तर एक काहीतरी धरा. एकच कारखाना, किंवा एकच प्राणी कुठल्याही कारखान्याचा, किंवा फक्त कालवांच्या प्लेट. मला स्वतःला दुसरा मार्ग आवडतो, कारण त्यात इतिहास आपोआप येतो. लंडनला निकोलस स्प्रिमाँ नावाचा चांदीचा कारागीर होता, त्याने 1742-43 मध्ये राजपुत्रासाठी चांदीची मिठाची भांडी केली, त्यावर क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले छोट्या लॉबस्टरसारखे प्राणी, बसलेले, ती आज ब्रिटनच्या रॉयल कलेक्शनमध्ये आहेत. पुढे तोच चेल्सीच्या पोर्सेलिन कारखान्यात आला आणि तोच क्रेफिश पोर्सेलिनमध्ये उतरला. ते विकत घेणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही, पण तिथून तुमच्या क्रीमरपर्यंतची वंशावळ डोळ्यांसमोर असली की सेलमध्ये नजर वेगळी चालते. जाल तिथे आधी हातात घेऊन बघा, विकत नाही घेतलं तरी चालेल. न्यू जर्सीतल्या लँबर्टव्हिलचा फ्ली मार्केट म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार तुम्हाला जवळ आहे, सकाळी लवकर जा.

प्लेट भिंतीवर लावायची असेल तर स्प्रिंगच्या तारेचा हँगर नको, कडा उडतात, आणि मागे चिकटवायची चकती सोनेरी काम किंवा रंग असलेल्या बाजूला कधीही नको. भारतात न्यायचं ठरलं तर हातातल्या बॅगेत न्या. मिशा आणि नांग्यांभोवती कागद आवळून गुंडाळू नका, लोक तिथेच तोडतात, आधी टिश्यू सैल भरून पोकळी भरायची, मग सगळ्यावरून बबलरॅप, झाकण वेगळं, आणि डबा दुसऱ्या मोठ्या डब्यात. टेप फक्त बबलरॅपला लागली पाहिजे, भांड्याला नाही. मिशांचे क्लोजअप आणि झाकण काढून आतला फोटो टाकलात तर दुरुस्तीबद्दल अजून काही सांगता येतं का बघते.